कार्ड आहे, तरी गाठीला पैसे ठेव

अगं, काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, कार्ड आहे ना आपल्याकडे, मग पैशाची काळजी कशाला?" तुझ्या शेजारी सगळे बसलेले होते, म्हणून मी नुसतं 'हो' म्हटलं. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आज दुपारी मशीन बंद ठेवलंय, दोन ब्लाउज उद्यावर ढकललेत आणि तुला लिहायला बसलेय. तुझ्या सासूबाईंच्या अँजिओप्लास्टीला अजून दहा दिवस आहेत. तेवढ्यात हे तुझ्या कानावर घालायलाच हवं.

हेच वाक्य मीही म्हटलं होतं. 2021 च्या नोव्हेंबरात, तुझ्या दाजींच्या वेळी. दाजींचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, दवाखान्याचं बिल शून्य आलं, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. ते खरंच आहे. ती योजना नसती तर दाजी आज टेम्पोवर बसलेले दिसले नसते, हे मी देवापुढे हात जोडून सांगेन. पण त्या शून्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय काय झालं, ते मी तुला कधी बोलले नाही. आईला तर मुळीच नाही.

माझ्याकडे त्या आजारपणाची एक पिशवी आहे. लग्नातल्या साडीची, जरीचा काठ असलेली. त्यात केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची बिलं आहेत. आज ती काढली, तर निम्मी बिलं पांढरीफटक पडलीत. तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची शाई उडून जाते. नशीब, मी तेव्हाच सगळे आकडे वहीत उतरवून ठेवले होते. बचत गटाची सचिव असल्याची ती सवय.

वहीतलं पहिलं पान असं आहे. छातीत दुखलं म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे ईसीजी, टू-डी इको, रक्त तपासण्या मिळून 4,200 रुपये. तिथेच अँजिओग्राफी, 9,000. तो दवाखाना योजनेतला नव्हता, हे आम्हाला अँजिओग्राफी झाल्यावर कळलं. रात्री अकराला दुसरीकडे न्यायचं ठरलं तेव्हा शेजारची ओम्नी केली, 2,500. खरं तर 108 ला फोन करायचा, ती ॲम्ब्युलन्स फुकट येते. पण त्या वेळी सुचलंच नाही. मग दवाखान्यात सहा दिवस. माझं जेवण, चहा, रिक्षा, एकदा पोरांना आणून भेटवलं, 3,100. म्हणजे कार्डाने काम सुरू करायच्या आत आणि ते चालू असताना 18,800 गेले. डिस्चार्जनंतर पहिले तीन महिने गोळ्या महिन्याला 1,900 च्या, त्याचे 5,700. टेम्पो दोन महिने दारात उभा. कमाई बंद आणि हप्ता मात्र चालू, 8,400 चे दोन. सगळं मिळून 41,300 रुपये.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते. त्यातले वीस हजार गटाकडून कर्जाऊ घेतले. बाकीच्यासाठी मी आईने दिलेल्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. तुझ्या मुलाच्या बारशाला "पाटल्या का नाही घातल्यास?" असं तू विचारलंस, तेव्हा मी घट्ट होतात म्हणून सांगितलं. त्या सोडवायला चौदा महिने लागले. रागावू नकोस. तुला हे आज सांगतेय ते रडगाणं म्हणून नाही, तुझ्या पाटल्या घरात राहाव्यात म्हणून.

बघ, ही योजना कशी चालते ते एकदा नीट समजून घे. तुझ्या-माझ्यासारख्यांना त्यासाठी हप्ता भरायचा नसतो, खर्च सरकार करतं. पंतप्रधान जन आरोग्य योजनेच्या खर्चात केंद्राचे 60 तर राज्याचे 40 टक्के असतात. महात्मा फुले योजना राज्याची. आपल्याकडे 2020 पासून दोन्ही एकत्रच चालतात. दाजींच्या वेळी आमच्या केशरी कार्डावर वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. 2023 च्या निर्णयाने ते कुटुंबाला 5 लाख झालं आणि पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डांना लागू झालं. एवढा मोठा आकडा ऐकला की वाटतं, आता कशाला घाबरायचं? पण ते 5 लाख आपल्या हातात येत नाहीत, आणि आजारपणाच्या सगळ्या खर्चाला लागूही पडत नाहीत. यादीतला एखादा उपचार, योजनेने अंगीकृत केलेल्या रुग्णालयात, भरती होऊन केला, तर त्याचं ठरलेलं पॅकेज सरकार रुग्णालयाला देतं. भरती होण्याआधीचे हेलपाटे आणि घरी आल्यानंतरची वर्षानुवर्षांची गोळ्यांची चिठ्ठी, ही दोन्ही टोकं बरीचशी आपल्याच पदरात राहतात.

आणि आपल्यासारख्यांची गळती तिथेच असते गं. एकदम दोन लाखांचं बिल आलं तर माणूस हादरतो, दहा जणांना विचारतो, मार्ग काढतो. महिन्याचे 1,900 मात्र कुणाला दिसत नाहीत. ते किराण्यातून कापले जातात, पोरीच्या क्लासच्या फीमधून कापले जातात. माझ्या गटातल्या दोघींनी तर रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती. मला कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. पण ओरडून काय होतं? गोळी महाग, म्हणून अर्धी.

आणि हे आजचं नाही. 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आली होती, आठवतं? तीस रुपये नोंदणी आणि पाच माणसांच्या कुटुंबाला तीस हजारांचं कार्ड. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर गरिबांच्या खिशातून जाणारा पैसा त्या कार्डाने कमी झालेला दिसला नाही. छत्तीसगडमध्ये पंतप्रधान योजनेबद्दल घरोघरच्या पाहणीतून तेच निघालं. कार्ड असलेल्यांनाही खासगी दवाखान्यात पैसे मोजावेच लागत होते. दुसरी बाजूही सांगते. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातले शंभरातले 64 रुपये 2013-14 मध्ये लोकांच्या खिशातून जात होते, ते 2021-22 मध्ये 39 वर आले, असं सरकारचा राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. फरक पडलाय, नाही कोण म्हणतं? पण 39 म्हणजेही थोडे नव्हेत, आणि ते कुणाच्या घरात जास्त बोचतात हे तुला सांगायला नको.

आता सर्वात महत्त्वाचं. जे पैसे सरकारने आधीच भरलेत, ते तू पुन्हा भरू नकोस.

मी भरले होते. पहिल्या रात्री काउंटरवर सांगितलं, "मंजुरी यायची आहे, तोवर दहा हजार डिपॉझिट भरा." मी भरले. दाजी स्ट्रेचरवर, मी एकटी, काय वाद घालणार? दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. ऑपरेशनच्या सकाळी एका माणसाने मला जिन्यापाशी बोलावलं. चकचकीत कागदावरची दोन चित्रं दाखवली आणि म्हणाला, "योजनेतला स्टेंट साधा असतो. हा परदेशी, टिकाऊ. वरचे चाळीस हजार भरलेत तर हा बसवतो. पण आत्ताच सांगायचं." दाजी हिरवा गाऊन घालून दारातून माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी बायको काय म्हणेल, सांग? 'साधा बसवा' असं कुठल्या तोंडाने म्हणेल?

मी 'पाच मिनिटं द्या' म्हटलं आणि खाली आले. तिथे कोपऱ्यात योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल होतं. पंचविशीतली पोर. तिने माझं बोलणं पूर्ण ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, औषधाचा लेप असलेला चांगला स्टेंट पॅकेजमध्येच धरलेला आहे. एक रुपया देऊ नका. आणि डिपॉझिटची पावती आहे का?" पावती होती. तिनेच मला 155388 वर तक्रार कशी करायची ते सांगितलं. डिस्चार्जच्या दिवशी दहा हजार परत मिळाले. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे मला कळलं की 2017 च्या फेब्रुवारीतच सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली होती. औषधाच्या लेपाच्या स्टेंटची मर्यादा तेव्हा 29,600 रुपये होती. मग वरचे चाळीस हजार कशाचे? दवाखानेवाले म्हणतात की पॅकेजचे दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे उशिरा येतात. असेलही तसं. पण ते भांडण त्यांनी सरकारशी करावं, जिन्यात उभ्या असलेल्या बाईशी करू नये.

म्हणून पॅकेजमध्ये काय येतं ते पाठ कर. जनरल वॉर्डातला पलंग, नर्सिंग, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांची फी, रक्त, ऑक्सिजन, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट, भरती असतानाच्या तपासण्या आणि औषधं, पेशंटचं जेवण. हो, जेवणसुद्धा. मी सहा दिवस दाजींना घरचा डबा आणि बाहेरची इडली आणत होते. घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही त्यात आहे, हे सांगितलं की बायका हसतात, त्यांना पटतच नाही. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी महात्मा फुले योजनेत येते. भरतीच्या काळात कुणी बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात दिली, तर ती घेऊन थेट आरोग्यमित्राकडे जायचं. मेडिकलकडे नाही. काही ठरावीक आजारांना पुढच्या वर्षभराच्या तपासण्या-औषधांची वेगळी पॅकेजेससुद्धा आहेत. सासूबाईंचा उपचार त्यात बसतो का, हे पहिल्याच दिवशी विचार. मी विचारलं नव्हतं.

सासूबाईंचं वय 72 ना? मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ, उद्याच. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्न कितीही असो. कुटुंबाच्या 5 लाखांना हात न लावता त्यांना त्यांचे वेगळे 5 लाख मिळतात, म्हणजे उद्या देव न करो पण घरातल्या दुसऱ्या कुणाला काही झालं, तर तो आकडा शाबूत राहतो. आणि तुझी दुसरी अडचणही सुटते. त्यांच्या रेशनकार्डावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असा घोळ आहे ना? वय वंदनाला फक्त आधार लागतं. रेशनकार्डाचं नाव मात्र सावकाश दुरुस्त करून घे; एका अक्षरासाठी मंजुरी अडकलेली मी आमच्या गटात दोनदा पाहिलीय.

दवाखाना ठरवताना नुसतं 'तिथे योजना आहे' एवढ्यावर जाऊ नकोस. तिथे हा उपचार योजनेतून होतो का, ते विचार. एखादं रुग्णालय हाडांसाठी अंगीकृत असतं, हृदयासाठी नसतं. आणि पहिल्या तपासणीपासूनच योजनेतल्या ठिकाणी जा, नाहीतर आमच्या 9,000 सारखं होतं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. ईसीजी आणि रक्त तपासण्या तिथे करून घेतल्यास, तर आमच्यासारखे पैसे जाणार नाहीत. गर्दी असते, सकाळी सातला रांग धरावी लागते. धरायची.

समजा यादीतच नसलेला उपचार निघाला, तर धर्मादाय रुग्णालय आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, असा उच्च न्यायालयाने मंजूर केलेला नियमच आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याचा अर्ज आजच करून ठेव. आजारपण आल्यावर दाखला काढायला गेलं की तो पंधरा दिवसांनी मिळतो.

आता गोळ्या. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, कोलेस्टेरॉलची एक, रक्तदाबाची एक. ह्या चुकवायच्या नाहीत, स्टेंट त्यांच्यावरच उघडा राहतो. दाजींच्या 1,900 च्या गोळ्या मी चौथ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागले. त्याच औषधाच्या, फक्त ब्रँडचं नाव नसलेल्या. खर्च 520 वर आला. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या, असं डॉक्टरांना डिस्चार्जच्या वेळीच सांग. लाजू नकोस.

आणि तुझ्या नवऱ्याच्या पगारातून ईएसआयसीचे 120 कापतात म्हणून तो कुरकुरतो ना? त्याला सांग, 16,000 पगारावर तो 120 भरतो तेव्हा मालकाला त्याच्यासाठी 520 भरावे लागतात. आणि गोळ्यांच्या बाबतीत ईएसआयसी महात्मा फुले योजनेपेक्षा पुढे आहे, कारण तिच्या डिस्पेन्सरीत भरती न होताही तपासणी आणि गोळ्या मिळतात. त्याच्या आईचं नाव अवलंबित म्हणून चढवलंय का, ते बघायला सांग. नसेल तर चढवायला लाव. तो स्वतः आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कमही मिळते. दाजींच्या टेम्पोला असलं काही नव्हतं. दुर्दैवाने पेशंटजवळ बसणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाला तर कुठल्याच योजनेत जागा नाही. तुझे आठ-दहा दिवस जातील, ते पैसे खर्चातच धर. मी माझे शिलाईचे धरले नव्हते, वहीत आजही त्यांची ओळ नाही.

खासगी पॉलिसीचं विचारत होतीस. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे हप्ता कमी झालाय हे खरं. पण सासूबाईंसाठी आता घेऊन उपयोग नाही. आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. तुमच्या दोघांचं बघू नंतर.

एकूण किती पैसे तयार ठेवू, असं तू विचारशीलच. मी तुझ्या जागी असते तर पंचवीस हजार वेगळे काढले असते, आणि ते कुणालाही सांगितले नसते, दवाखान्यात तर नाहीच. त्यातले दहा मी देते. नको म्हणू नकोस. गटाचं कर्ज फिटलंय, पाटल्या कपाटात आहेत, दाजींनीच काल सांगितलं की तिला पाठव.

सोमवारी पहिल्या एसटीने येते. तोवर रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि आतापर्यंतचे रिपोर्ट यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेव. मेडिकलच्या बिलांच्याही काढ, शाई उडायच्या आत. सासूबाईंना घाबरवू नकोस, त्यांना फक्त एवढंच सांग की मोठी येतेय चार दिवस राहायला. येताना त्यांच्या आवडीचे कमी मिठाचे सांडगे आणते.